काळ्यावर दोन ठिपके

■

नकाशा बंद झाला त्या सकाळी आमच्या गोदामातल्या सगळ्या गाड्या भरून तयार होत्या आणि एकही हलत नव्हती.

पार्सलचं गोदाम. पत्र्याचं छप्पर, मधून जाणारा लांब रबरी पट्टा, पट्ट्याच्या कडेला जाळीच्या ढकलगाड्या. माझं टेबल दाराशी, कारण कोण आलं आणि कोण गेलं हे बघण्याचा मला पगार मिळतो. त्या दिवशी कोणी जातच नव्हतं. ड्रायव्हर अंगणात उभे राहून आपापल्या फोनकडे बघत होते. फोनवर काळं पान होतं आणि पानाच्या मधोमध पांढऱ्या अक्षरांत एक ओळ: आज नकाशा नाही. उद्या कधीच नसला तर?

ही ओळ माझ्या दिरांची. ती सुचेपर्यंत ते आमच्या स्वयंपाकघरात फेऱ्या घालत होते, त्यामुळे तिच्या आधीच्या सगळ्या ओळीही मला पाठ आहेत. त्या हिच्यापेक्षा वाईट होत्या. हिच्याबद्दल एवढंच चांगलं बोलता येईल.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, नोकरी टिकली नाही, पण नकाशा केला. एकट्याने नव्हे. ठिकठिकाणची हौशी मंडळी बसल्या जागी रस्ते आखतात, कोणी पूल टाकतं, कोणी दवाखाना टाकतं, आणि झालेला नकाशा सगळ्यांना फुकट. फुकट म्हटल्यावर लोकांचं काय होतं ते सांगायला नको. आमच्या कंपनीने तो घेतला, महापालिकेने घेतला, पोलिसांनी घेतला. घेताना कोणी आभार मानले नाहीत, आणि आता बंद पडल्यावर शिव्या द्यायला सगळे हजर.

सरकार नवा कायदा आणत होतं. नकाशात एक रेघ बदलायची तरी आधी परवानगी, आणि रेघ चुकली तर काढणाऱ्यावर खटला. कायदा मूर्खपणाचा होता, मान्य. पण मूर्खपणाला विरोध करणारा शहाणाच असतो असं कुठे लिहिलंय? भावजींच्या मंडळाने ठरवलं, एक दिवस नकाशा काळा करायचा. मोठ्या कंपन्यांचे नकाशे होते, तेही सामील झाले. एका दिवसाचा चांगुलपणा कोणालाही परवडतो.

आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना मी म्हटलं, मामा, तुम्हाला कशाला हवा नकाशा, तुमचं अख्खं आयुष्य या रस्त्यांवर गेलंय. मामांनी हातातल्या खोक्यावरचा पत्ता वाचला, उलटा करून वाचला, आणि खोकं गाडीत परत ठेवलं.

"मॅडम, ती फोनमधली बाई सांगते तिकडे मी वळतो," ते म्हणाले. "रस्ता मी बघितलेलाच नाही."

आमचा दुसरा एक ड्रायव्हर आहे, त्याला विमान म्हणतात, कारण तो गाडी जमिनीवर नाइलाजाने चालवतो. तो म्हणाला, मी विचारत विचारत जाईन, त्यात काय. गेला. जेवणाच्या सुमारास त्याचा फोन आला. गोदामाकडे परत कसं यायचं ते विचारत होता.

मी हसले. हसायला काय जातं.

खरं तर विचारत जायचं तरी कशाच्या आधाराने? रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पाट्या नाहीत. पूर्वी होत्या, निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. पत्रा नसेल तिथे थेट भिंतीवर रंगवलेली. माझे सासरे महापालिकेत पाट्या रंगवायचे. अख्ख्या गावाची नावं त्यांच्या हातून गेली. मग रस्ते रुंद झाले, पत्रे निघाले, भिंतींना चुना लागला. नवीन पाट्या लावायची वेळ आली तेव्हा महापालिकेने जाणकारांचं मत मागवलं. जाणकार म्हणजे आमचे भावजी. त्यांनी लिहून दिलं की पाटी ही आता कालबाह्य वस्तू आहे, नाव फोनवर दिसतं.

त्या दिवशी सासरे जेवायला बसले, पानातलं संपवलं आणि उठले. तेव्हा त्यांना अजून सगळं आठवत असे.

विमानला मी सांगत होते की आहेस तिथेच थांब, तेवढ्यात दुसरा फोन वाजला. सासूबाई होत्या. म्हणाल्या, "हे घरात नाहीत."

●

सासऱ्यांना विसर पडतो. चष्मा कुठे ठेवला असला साधा विसर नव्हे. घर कुठे ठेवलं असा. बाहेर पडतात आणि चालत राहतात, थकेपर्यंत. मागच्या वेळी कालव्यावर सापडले. कालव्याला आमच्या गावात कठडा नाही, पायऱ्या आहेत, आणि ते शेवटच्या पायरीवर उभे होते, पाण्यात काहीतरी वाचत असल्यासारखे. एका धोबिणीने हात धरून वर आणलं.

त्यानंतर घड्याळ आणलं. मनगटावर बसतं, त्याचा पट्टा त्यांना उघडता येत नाही. घड्याळवाल्या कंपनीच्या पानावर घरातला प्रत्येक माणूस एक ठिपका होऊन दिसतो: सासरे लाल, मी निळी, नवरा हिरवा, भावजी पिवळे. सासूबाईंना ठिपका नाही. त्या म्हणाल्या, मी कुठे जाणार आहे?

घड्याळवाल्या कंपनीने ठिपके स्वतः केले होते. खालचा नकाशा अर्थातच फुकटचा.

मी घरी पोचले तेव्हा सासूबाई दारात बसल्या होत्या, मांडीवर सासऱ्यांच्या चपला घेऊन. अनवाणी गेले होते. डोळा लागला गं माझा, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. संध्याकाळचं इन्सुलिन फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवलेलं होतं. सासरे घरी आले की लगेच टोचायचं म्हणून. सुई, कापूस, सगळं ओळीने मांडलेलं.

नवरा शाळेतून आला होता. माझा नवरा भूगोल शिकवतो. हे वाक्य मी पुढे काही बोलण्याआधीच सांगून ठेवते.

पान उघडलं. काळं. भावजींची ओळ इथेही होती, आणि तिच्या आसपास, काळ्यावर, चार ठिपके. रस्ता नाही, घर नाही, कालवा नाही. हिरवा आणि निळा एकमेकांना चिकटलेले, म्हणजे नवरा आणि मी, म्हणजे घर. पिवळा फिका पडलेला, म्हणजे भावजींनी फोन बंद ठेवला होता. आणि लाल, लांब, वर उजवीकडे. हलत होता.

नवऱ्याने बराच वेळ निरीक्षण केलं आणि म्हणाला, "बाहेर आहेत."

मी विचारलं, बाहेर कुठे? कोणत्या दिशेला? तो म्हणाला, नकाशात वरची बाजू उत्तर असते. मी म्हटलं, बरं, मग आपल्या घरात उत्तर कुठे आहे? तो गच्चीत गेला. आभाळ भरलेलं होतं. तो एकदा पूर्ण गोल फिरला. परत आत आला आणि म्हणाला, शाळेत नकाशा भिंतीवर टांगलेला असतो.

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. बाळ झाल्यावर आईच्या मनात ज्या आशा असतात, त्यांतली एखादी शिल्लक असलीच तर ती त्या क्षणी गेली असावी.

मग तो पोलीस चौकीत जाऊन आला. हवालदार भला माणूस होता म्हणे. पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. पण हरवलेल्या माणसाची तक्रार संगणकावर घ्यायची, आणि माणूस शेवटचा कुठे दिसला ते नकाशावर बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवल्याशिवाय पुढचा रकाना उघडत नाही. नकाशाच्या जागी भावजींची ओळ. नवरा म्हणाला, हाताने लिहून घ्या. हवालदाराने विचारलं, हाताने लिहिलेलं वाचणार कोण?

■

भावजी नवऱ्याच्याच शाळेच्या सभागृहात होते. शाळा आमच्या घराच्या मागे. तिथपर्यंत मला नकाशा लागत नाही, याचा त्या दिवशी मला अभिमान वाटला. म्हणजे बघा माणूस कुठे येऊन पोचतो.

सभागृहाला काळे पडदे लावले होते. आत मंडळी बसली होती, दंडाला काळ्या फिती, सगळ्यांचे फोन बंद. दिवसभर फोन उघडायचा नाही अशी शपथ घेतली होती. फोन नसल्यामुळे हातांचं काय करायचं ते कोणाला कळत नव्हतं. एक जण खुर्चीचा हात सोलत होता. एक बाई टाळ्या वाजवत होती, भाषण चालू नसताना.

मी सरळ पुढे गेले. "भावजी, बाबा घरातून गेलेत. नकाशा चालू करा."

त्यांनी मला बाजूला घेतलं, जिथे जास्तीच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. चेहरा उतरला होता, ते खोटं सांगणार नाही. आधी म्हणाले, काळजी करू नका, घड्याळ आहे. मी त्यांना फोनवरचं काळं पान दाखवलं. ते स्वतःचीच ओळ बघत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला, आणि मला कळलं की आता तत्त्व येणार.

"वहिनी, एकासाठी उघडला तर सगळ्यांसाठी उघडावा लागेल. आज प्रत्येकाचं काही ना काही अडलंय. तेच तर दाखवायचंय."

"तुमचे वडील आहेत."

"म्हणूनच. उद्या लोक म्हणतील, स्वतःच्या बापासाठी उघडला."

इथे भावजींचं भाषण होतं. ज्ञान सर्वांचं असण्याबद्दल, गृहीत धरलं जाण्याबद्दल, त्यागाबद्दल. बरंच लांब होतं. ते मी या पानावरून बंद ठेवलं आहे. निषेध म्हणून.

भाषण संपल्यावर मी म्हटलं, ठीक आहे, मी त्या व्यासपीठावर चढते आणि या सगळ्यांना सांगते की तुमचा म्हातारा बाप अनवाणी कालव्याकडे चाललाय आणि तुम्ही तत्त्वाला धरून बसलाय. मी दोन पायऱ्या चढलेसुद्धा. मागून भावजींचा आवाज आला, एकदम लहान झालेला.

"उघडता येत नाही."

मी वळले. ते खुर्च्यांच्या चवडीवर टेकले होते. दंडावरची फीत काढून बोटाला गुंडाळत होते. हळूहळू बाहेर आलं ते असं. या मंडळींचा एकमेकांवर विश्वास नाही. कोणीतरी दबावाखाली येऊन नकाशा आधीच उघडेल, अशी प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल खात्री. म्हणून ठरलं की कोणा एकाच्या हातात काही ठेवायचं नाही. वेळेआधी उघडायचा तर मतदान, आणि बहुमत.

"मग घ्या मतदान. बसलेच आहेत सगळे."

"हे थोडे आहेत. बाकीचे ठिकठिकाणी आहेत. मतदान चर्चेच्या पानावर होतं."

"ते पान कुठे आहे?"

भावजी फितीकडे बघत होते.

"भावजी, ते पान कुठे आहे?"

"साइटवर," ते म्हणाले.

घर बंद करायचं म्हणून यांनी कुलूप लावलं होतं, आणि किल्ली कोणा एकाकडे नको म्हणून सर्वानुमते घरातच ठेवली होती. त्यावर बैठका झाल्या होत्या, आमच्या स्वयंपाकघरात, माझा चहा पिऊन. एवढ्या शिकल्या-सवरल्या डोक्यांपैकी एकालाही ते दिसलं नाही, कारण प्रत्येक जण दुसरा काय दगाफटका करील ते बघत होता.

जवळ उभ्या असलेल्या एका दाढीवाल्याने मला धीर दिला. म्हणाला, ताई, मध्यरात्री आपोआप उघडतं ते. मी त्याला विचारलं, कालव्याला माहीत आहे का हे?

● · · · · · · · · · · ○

शाळेचं मैदान ओलांडताना मला ते दिसलं. हातातल्या काळ्या पानावर माझा निळा ठिपका हिरव्यापासून सुटला होता. तीळभर. सासऱ्यांचा लाल तिथेच वर उजवीकडे होता, आणि मी त्याच्यापासून आणखी लांब गेले होते. म्हणजे मी चुकीच्या बाजूला चालत होते.

म्हणजे बरोबर बाजू आहे.

मी वळले आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. निळा लालकडे सरकला. बस, एवढंच. आंधळी कोशिंबीर, फक्त डोळे उघडे ठेवून. आम्ही लहानपणी हात पुढे करून खेळायचो, आता फोन पुढे करून.

घरी जाऊन मी नवऱ्याला दारात उभं केलं आणि सांगितलं, इथून हलायचं नाही. तुम्ही म्हणजे घर. परत येताना मला घर सापडलं पाहिजे. तो म्हणाला, मीही येतो, बाबा माझेही आहेत. मी म्हटलं, दोन माणसं हरवायला मला वेळ नाही. तो थांबला.

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "उभं राहणं त्याला जमेल."

सासूबाईंनी चपला माझ्याकडे दिल्या.

● · · · · · · · ○

गंमत बघा. या गावात मी लग्न करून आले, मुलगी इथे मोठी करून परगावी पाठवली, रोज गोदामात जाते आणि येते. पण भाजीबाजाराच्या पलीकडे मी कधी पायी गेले नव्हते. जायचं तेव्हा गाडीत बसून गेले, मान खाली, फोनमधल्या निळ्या रेघेवर बोट ठेवून. आता मान वर केली तर समोर भलतंच गाव. एका कारखान्याची भिंत, त्यातून बाहेर आलेल्या नळकांड्या, वाळत घातलेले हातमोजे. एक गल्ली लालच्या दिशेने निघाली आणि शेवटी एका गॅरेजच्या मागच्या दारात जाऊन मेली. परत फिरावं लागलं. निळा मागे आला.

काळ्या पानावर मधे काहीच नसतं. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत सरळ रेघ. चालायला लागल्यावर कळतं की काळ्याच्या पोटात भिंती आहेत, गटारं आहेत, कुत्री आहेत.

एका दुकानदारणीला विचारलं, बाई, या रस्त्याचं नाव काय? कालव्याकडे जातो का हा? ती म्हणाली, जन्म गेला माझा इथे. आणि फोन काढला. स्वतःच्या रस्त्याचं नाव बघायला. काळं पान दिसल्यावर ती माझ्यावर चिडली. म्हणाली, काय बाई लोक, कधी काय विचारायचं ते कळत नाही.

पुढच्या वळणावर आमची गाडी दिसली. विमान. सांगितल्याप्रमाणे आहे तिथेच थांबला होता, टपावर बसून, पाय हलवत. मला बघून उडी मारली, दार उघडलं. त्याचा चेहरा उजळला होता, सुटका झाल्यासारखा.

"या मॅडम, बसा. कुठे जायचंय तेवढं सांगा, सोडतो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्याने दार लावलं.

● · · · ○

लाल थांबला.

मघापर्यंत तो रेंगाळत का होईना, सरकत होता. आता नाही. मी फोन हलवला, जसं काही त्याने ठिपका हलेल. दिवे लागायला लागले होते. हवेत ओल होती, शेवाळाचा वास होता, आणि कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता, पण कोणत्या बाजूने ते कळत नव्हतं.

इथे मला कोणाचीही टवाळी सुचत नाही. मी पळत होते. काखेत एका म्हाताऱ्या माणसाच्या चपला होत्या.

●○

ठिपके एकमेकांवर आले आणि तिथे कोणी नव्हतं.

अरुंद रस्ता, एका बाजूला बंद गाळे, दुसऱ्या बाजूला लांबलचक भिंत. मी पुढे गेले, निळा लालमधून बाहेर पडला. मागे आले, परत आत शिरला. भिंतीच्या पलीकडे पाणी वाहत होतं, आता स्पष्ट.

"बाबा," मी हाक मारली.

भिंतीपलीकडून आवाज आला. "कोण आहे?"

"मी. तुमची सून."

"मग तिकडे काय करतेस?"

भिंतीला पुढे खिंडार होतं. त्यातून आत शिरले. महापालिकेचं जुनं कोठार असावं. मोडके खांब, गंजलेले पत्रे, गवत. अंगणाच्या टोकाला कुंपण नव्हतं, तिथून पायऱ्या खाली जात होत्या आणि पायऱ्यांच्या तळाशी कालवा, काळा, फुगलेला. सासरे पायऱ्यांच्या तोंडाशी, एका उपड्या पिंपावर बसले होते. पाय चिखलाने भरलेले. पाठ पाण्याकडे. तोंड कोठाराच्या भिंतीकडे.

भिंतीवरचा चुना पोपडे धरून गळला होता आणि खालून जुनी अक्षरं वर आली होती. अर्धं नाव. निळ्यावर पांढरं, रंग उडालेला. मी त्यांच्या पायांत चपला घालायला खाली बसले. ते माझ्या डोक्यावरून भिंतीकडेच बघत होते.

"कोणत्या गाढवाने रंगवलंय हे?"

मी वर बघितलं.

"पहिल्या अक्षराची दांडी बघ. वाकडी. आणि शेवटी जागाच उरली नाही त्याला, म्हणून शेवटचं अक्षर चेपून बसवलंय, त्या नळाच्या मागे. आधी आखून घ्यायचं नाही? खडू नव्हता याच्याकडे?"

खरंच, शेवटचं अक्षर पावसाच्या पाण्याच्या नळाशी चेंगरलं होतं. तशीच चेंगरलेली अक्षरं आमच्या घराच्या दारावर आहेत, सासऱ्यांच्याच हातची, आडनावाचं शेवटचं अक्षर चौकटीला घासतं. लग्न झाल्यापासून मी ते रोज बघते.

"जाऊ द्या, बाबा," मी म्हटलं. "कोणी शिकाऊ असेल."

"शिकाऊ नाही. शिकाऊ घाबरतो, घाबरून आखतो. हा हात बसलेला माणूस आहे. याला वाटलं, मला येतं." त्यांनी तोंड वाकडं केलं. "पायऱ्या उतरत होतो, मागे बघितलं तर हे. म्हटलं, काय हे."

■

दुसऱ्या दिवशी, मध्यरात्र कधीच उलटून गेल्यावर, नकाशा नेमाने परत आला होता. भावजींनी त्यावर एक लेख लिहिला. एक वृद्ध, एक काळं पान, एक धडपडणारं कुटुंब, आणि आपण सगळे नकाशावर किती अवलंबून आहोत याची जिवंत साक्ष. पुष्कळांनी वाचला, पुष्कळांनी डोळे पुसले. किल्लीबद्दल त्यात काही नाही. मी त्यात आहे, कुटुंबातील एक सदस्य म्हणून. कायदा पुढच्या अधिवेशनात येणार होता, तो येणारच आहे. मामांची गाडी सकाळी सुटली, फोनमधल्या त्या बाईच्या आवाजावर. विमान वेळेवर पोचला. कोणी आभार मानले नाहीत.

पण ते दुसऱ्या दिवशी. अजून आम्ही कोठारातच आहोत.

●○

नवऱ्याला फोन लावला. सापडले, म्हटलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग त्याने आईला ओरडून सांगितलं. मग मला विचारलं, "कुठे आहात?"

मी आजूबाजूला बघितलं. भिंतीवर अर्धं नाव होतं. उरलेलं अर्धं चुन्याखाली.

"तुम्ही हलू नका," मी म्हटलं. "आम्ही तुमच्याकडे येतो."

हिरवा ठिपका काळ्यावर घट्ट उभा होता. माणूस आयुष्यात एकदा तरी कामाला येतो, म्हणतात ते खोटं नाही.

सासऱ्यांचा हात धरून खिंडारातून बाहेर आले. दोन ठिपके आता एकच दिसत होते. मी फोन बघत होते, ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, कपाळाला आठ्या घालून, एखाद्याचं काम तपासावं तसे.

"हे काय आहे?"

"आपण आहोत. लाल तुम्ही, निळी मी. तो हिरवा म्हणजे घर."

"आणि तो पिवळा?"

पिवळा मघाशी फिका होता, तो आता उजळला होता. भावजींनी शपथ मोडून फोन उघडला होता. शाळेपासून सुटून ते निघाले होते. आमच्या बाजूला थोडे आले, मग आडवे गेले, मग परत खाली. ज्या गल्लीत गॅरेजचं मागचं दार आहे, बहुधा त्याच गल्लीत शिरले, थांबले, बाहेर आले, आणि पुन्हा तिथेच शिरले. फोन लावून सांगता आलं असतं, भावजी, मागे फिरा, उजवीकडे. बोट नंबरवर नेलंही होतं मी.

"तुमचे धाकटे," मी म्हटलं. "तुम्हाला शोधायला निघालेत."

सासऱ्यांनी त्या पिवळ्याचा गोल फेरा पूर्ण होईपर्यंत बघितला. चेहरा तोच, भिंतीसमोरचा.

"आधी आखून घ्यायचं नाही?" ते म्हणाले, आणि घराकडे चालायला लागले. चुकीच्या बाजूला. मी त्यांचा हात धरून त्यांना वळवलं.